मॉडेलर तर घेतला, पण स्टेजवर ऐकायचं कशातून?

हेलिक्स, क्वॉड कॉर्टेक्स, केम्पर, फ्रॅक्टल यांतला कुठला मॉडेलर (अँप आणि इफेक्टचे आवाज डिजिटल पद्धतीने तयार करणारं यंत्र) चांगला यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. पण स्टेजवर सूर बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या कडीत, म्हणजे वाजवणारा स्वतःला कशातून ऐकतो तिथे. मार्ग चार आहेत: आयोजकाने ठेवलेला वेज मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला तिरका स्पीकर), स्वतःचा एफआरएफआर (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) स्पीकर, पॉवर अँप आणि गिटार कॅब (गिटारचे स्पीकर बसवलेला डबा), किंवा इन-इअर (कानात बसणारे मॉनिटर).

निवडण्याआधी एक गोष्ट पक्की असू द्या. प्रेक्षकांना यातलं सहसा काहीच थेट ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येतं ते मॉडेलरच्या एक्सएलआरमधून (तीन पिनांच्या आउटपुटमधून) मिक्सरला गेलेलं, आयआर (कॅब आणि माइकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लावलेलं सिग्नल. त्यामुळे ‘कशाचा आवाज सर्वात भारी’ हा प्रश्न दुय्यम. ‘प्रेक्षकांना जे जातंय त्याच्या सर्वात जवळचं मला कशातून कळेल’ हा खरा प्रश्न. अपवाद छोट्या कॅफेचा. तिथे गिटार पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये) जातच नाही, तुमचा स्पीकर हाच पीए असतो.

वेज: फुकट, म्हणून महाग

वेज उचलून न्यावा लागत नाही, एवढाच त्याचा गुण. तो बहुधा गायकासाठी ट्यून केलेला असतो. माइक शिट्टी मारू नये म्हणून साउंडवाल्याने २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा कापलेला असतो, आणि गिटारची धार नेमकी तिथेच राहते. मग गिटार गोधडीखालून आल्यासारखी वाटते, तुम्ही पॅचमध्ये (मॉडेलरमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये) ट्रेबल वाढवता आणि बाहेर प्रेक्षकांचे कान किटतात. वेजवर वाजवायची वेळ आलीच तर पॅचला हात लावू नका. साउंडवाल्याला गिटारसाठी वेगळा ऑक्स (मिक्सरमधून मॉनिटरला जाणारी स्वतंत्र वाट) आणि शक्य असेल तर वेगळा वेज मागा. गणपतीच्या मांडवात किंवा गॅदरिंगला तो मिळेलच असं नाही, म्हणून नियमित कार्यक्रम करणाऱ्याने एकट्या वेजच्या भरवशावर राहू नये.

एफआरएफआर: बहुतेकांसाठी हाच

साधा गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो. एफआरएफआर मात्र खालपासून वरपर्यंत शक्य तितका सपाट वाजतो, म्हणजे मिक्सरला जातं जवळपास तेच तुम्हाला ऐकू येतं. हेडरशचा एफआरएफआर-१०८ (८ इंची) आणि ११२ (१२ इंची), फेंडरचे टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२, लाइन ६चा पॉवरकॅब ही नेहमीची नावं. फेंडरच्या पाठीवर तीन बँडचा ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल) आणि वेगळा ‘कट’ नॉब आहे. पॅच न उघडता वरची किरकिर कमी करता येते, ही सोय स्टेजवर फार उपयोगी पडते. पॉवरकॅब सपाटही वाजतो आणि ठरावीक गिटार स्पीकरसारखाही. दुसरा मोड लावला तर त्या आउटपुटवरचा आयआर बंद करायला विसरू नका.

डब्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. ‘२००० वॉट’ हा क्षणिक शिखराचा आकडा असतो. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कान फाडणारा ड्रमर सोबत असेल तर ८ इंची घेऊ नका. तो चालू राहतो, पण खालच्या तारांचा आवाज पातळ होतो आणि आतला लिमिटर आवाज दाबू लागतो.

एफआरएफआरबद्दलच्या बहुतेक तक्रारी स्पीकरच्या नसून घरी बनवलेल्या पॅचच्या असतात. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी दोन्ही वाढवले जातात आणि मिड खाली येतात. तोच पॅच स्टेजच्या आवाजात लावला की खाली ढुमढुम, वर चिरचिर आणि मध्ये गिटार गायब. उपाय असा: बँडच्या आवाजात, बॅकिंग ट्रॅकसोबत पॅच बनवा. मॉडेलरच्या कॅब ब्लॉकमध्ये लो कट (त्याखालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट (त्यावरचं कापणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झ. मिड एकटं वाजवताना थोडे जास्तच वाटायला हवेत. सोलोचा पॅच रिदमपेक्षा ३-४ डेसिबल वर, आणि ती वाढ गेनने नको, शेवटच्या लेव्हलने द्या. गेन वाढवलं की आवाज दाबला जातो, पुढे येत नाही.

जागाही तितकीच महत्त्वाची. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा बेस फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो. खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवा, नाहीतर तिरका करून हॉर्न (वरचे सूर वाजवणारा भाग) थेट कानाकडे वळवा. घोट्याशी ठेवून ‘उठाव नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

पॉवर अँप आणि कॅब: अंगाला लागणारा आवाज

रॉक-मेटल वाजवणाऱ्याला पाठीमागून हवा ढकलणारा कॅब हवा असतो, आणि ती हौस खोटी नाही. गिटार आणि स्पीकर एकमेकांना चेतवतात, सूर लांबतो, बोटांना प्रतिसाद मिळतो. घरात कॅब आधीच असेल तर सेमूर डंकन पॉवरस्टेज १७० सारखा पेडलएवढा अँप पुरतो. फक्त त्याचे १७० वॉट ४ ओहमवरचे आहेत. ८ ओहमच्या एका कॅबवर साधारण निम्मेच मिळतात. ८ ओहमचे दोन कॅब समांतर जोडले तर ४ ओहम होतात. त्याखाली जाऊ नका. मधली केबल स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल आत बारीक असते, तापते आणि ताकद खाते.

खरी गोम सिग्नलच्या फाट्यात आहे. कॅबला आयआरशिवायचं सिग्नल हवं, मिक्सरला आयआरसकट. हेलिक्समध्ये अँप ब्लॉकनंतर रस्ता दुभागून एक शाखा आयआरमधून एक्सएलआरला आणि दुसरी थेट पाव इंची आउटपुटला न्या. केम्परमध्ये यासाठी ‘मॉनिटर कॅब ऑफ’ आहे. चूक झाली तर कान लगेच सांगतात: आवाज डब्यात बंद केल्यासारखा आला तर आयआर आणि कॅब दोन्ही लागलेत, मधमाश्या घोंगावल्यासारखा आला तर मिक्सरला जाणारं सिग्नल आयआरविना गेलंय.

तोटा असा की कॅबमधून तुम्ही ऐकता ते आणि प्रेक्षक ऐकतात ते वेगळं असतं. साउंडचेकला वायरलेस किंवा लांब केबल लावून एकदा समोर उभं राहून ऐकल्याशिवाय हा मार्ग धरू नये. आणि लहान हॉलमध्ये कॅबचाच आवाज पहिल्या तीन रांगा व्यापतो, साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही.

इन-इअर

संपूर्ण बँड इन-इअरवर असेल तर प्रश्नच मिटतो. स्टेज शांत, माइकमध्ये गळती नाही. बेहरिंगर एक्सआर१८ सारख्या मिक्सरला सहा ऑक्स आहेत आणि प्रत्येक जण फोनवरून आपलं मिक्स करू शकतो. गिटारवादक एका जागी उभा राहत असेल तर वायरचा बेल्टपॅक पुरतो, वायरलेसचा खर्च वाचतो.

अडचण बँडमधला एकटाच माणूस इन-इअर लावतो तेव्हा येते. बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही म्हणून तो एक कान काढतो, उरलेल्या कानातला आवाज वाढवतो, आणि नुकसान कानाचं होतं. दोन्ही कान लावा आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक अँबियन्स माइक मिक्समध्ये घ्या. कानात गिटार कोरडी वाटली तर छोटा रूम रिव्हर्ब फक्त मॉनिटरच्या मिक्सला द्या. बेस नाही अशी तक्रार असेल तर आधी इअरटिप बदला, ती नीट बसत नसणार. डिजिटल साखळीतला उशीर मिळून १० मिलिसेकंद झाला तरी तो अँपपासून साडेतीन मीटर लांब उभं राहण्याइतकाच असतो. गिटारवाल्याला तो खटकत नाही, गायकाला खटकू शकतो.

काहीही घेतलं तरी

मॉडेलरचा व्हॉल्यूम नॉब फक्त तुमच्या मॉनिटरच्या आउटपुटला बांधा. एक्सएलआरची लेव्हल स्थिर ठेवा. नाहीतर तुम्ही स्वतःसाठी आवाज वाढवलात की बाहेर सगळ्यांसाठी वाढतो आणि साउंडवाला लगेच फेडर खाली ओढतो. मिक्सरच्या माइक इनपुटला जात असाल तर आउटपुट माइक लेव्हलवर ठेवा, त्या चॅनेलचा ४८ व्होल्ट फँटम (मिक्सर माइकला पुरवतो ती वीज) बंद करायला सांगा. एक्सएलआर नसलेल्या छोट्या मॉडेलरसोबत पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवणारा छोटा डबा) बाळगा. त्याला फँटमची गरज नसते.

भुणभुण आली तर डीआयवरचा किंवा स्पीकरवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलची ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा. तरी गेली नाही तर मॉडेलर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. भुणभुण जाईल, पण माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. जनरेटरवर वाजवताना वीज क्षणभर गेली की मॉडेलर रीस्टार्ट होतो, आणि तो परत उठेपर्यंत गाण्याचं कडवं संपलेलं असतं. छोटा यूपीएस त्यासाठी.

पहिल्यांदाच घेत असाल, कॅब नसेल आणि बँड इन-इअरवर नसेल, तर १० किंवा १२ इंची एफआरएफआर घ्या. उद्या बँड इन-इअरवर गेला तरी तो तालमीला आणि कॅफेला कामी येतो. कॅब आधीच असेल तर पॉवर अँप स्वस्तात पडतो. दुकानात जाताना स्वतःचा मॉडेलर न्या, स्पीकरपासून दोन मीटर उभं राहा आणि दुकानदार वैतागेल इतक्या आवाजात क्लीन पॅच वाजवून बघा. डिस्टॉर्शनमध्ये स्पीकरचे दोष लपतात, क्लीनमध्ये नाही.