कमवा आणि शिका : ग्रंथालयातील दोन सत्रांचा अनुभव

पदव्युत्तर वर्गाला प्रवेश घेतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर 'कमवा आणि शिका' योजनेचे अर्ज मागवले गेले. गोंदिया जिल्ह्यातून नागपुरात येऊन, खोली करून राहणाऱ्या आणि शासनाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या माझ्यासारख्याला ती सूचना म्हणजे मेसच्या पैशांची सोय वाटली. दोन सत्रे ग्रंथालयात काम केल्यानंतर, येत्या वर्षी अर्ज करू इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

अर्जाबद्दल तक्रार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मागील गुणपत्रिका, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक, म्हणजे शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जी कागदपत्रे जमवलेली असतात, तीच येथेही लागतात. निवडीच्या वेळी ग्रंथपालांनी घरची परिस्थिती विचारली नाही, ८९१.४६३ क्रमांकाचे एक पुस्तक शोधून आणायला सांगितले. मला सतरा मिनिटे लागली, तरी निवड झाली.

काम मात्र मनापासून आवडले. रोज तीन तास, तासिका संपल्यावर, परत आलेली पुस्तके फळीवर लावायची. पुस्तके विषयवार क्रमांक देऊन लावण्याच्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ आला की कथा-कादंबरी. हे एकदा डोक्यात बसले की हात आपोआप चालतात, पण चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते, म्हणून ग्रंथपाल पहिले दोन आठवडे माझी प्रत्येक फळी पुन्हा तपासत असत. त्यांच्या या काटेकोरपणाचा तेव्हा राग येई. उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी खिडकीवर झुंबड उडते आणि त्या दिवसांत तीन तासांचे चार कधी होतात ते कळत नाही. चौथ्या तासाची नोंद मात्र हजेरीपत्रकात होत नाही. वाचनकक्षात कूलर आहे, पुस्तकांच्या दालनात नाही, कारण कूलरच्या दमट हवेने कागद खराब होतो. हे कारण पटण्यासारखे असले, तरी नागपूरच्या मे महिन्यात केवळ पंख्याखाली तीन तास उभे राहिल्यावर ते पटवून घेणे अवघड जाते. कार्यालयात नेमलेल्या माझ्या मित्राला वर्षभर झेरॉक्स काढणे आणि पाकिटांवर पत्ते लिहिणे एवढेच मिळाले. निवड करता आली, तर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळाच मागावी.

खरी अडचण मानधनाची आहे. ताशी ५० रुपये हा दर फार नाही, पण महिन्याला चोवीस दिवस भरले तर ३,६०० रुपये होतात आणि त्यात माझी मेस भागते. अट एवढीच, की ते वेळेवर मिळावेत. हजेरीपत्रकावर आधी ग्रंथपालांची, मग योजनेच्या समन्वयकांची, मग प्राचार्यांची सही होते आणि त्यानंतर ते लेखा विभागात जाते. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पैसे मला डिसेंबरमध्ये एकदम मिळाले. मेसवाल्या काकूंना पैसे पाच तारखेला हवे असतात. त्यांनी दोन महिने सांभाळून घेतले. तिसऱ्या महिन्यात मी लग्नसराईत वर्धा रोडवरच्या लॉनवर केटरिंगला जाऊ लागलो. तेथे रात्रीच रोख हातात पडते, पण घरी यायला दोन वाजतात, सकाळची तासिका बुडते आणि ७५ टक्के हजेरीच्या अटीपायी जीव टांगणीला लागतो. विद्यार्थ्याला अशा कामांपासून वाचवण्यासाठी जी योजना आहे, तिच्यातल्या दिरंगाईनेच मला तिकडे ढकलले.

'कमवा आणि शिका'ची कल्पना रुजवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा मुले स्वतः राबत आणि त्या श्रमांचा हातभार थेट वसतिगृहाच्या खर्चाला लागे. श्रम आणि ताट यांच्यामध्ये तेथे तीन सह्या आणि लेखा विभाग नव्हता. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते हे आम्ही गृहीतच धरलेले असते. माझ्या खोलीतल्या मित्राला शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्याने स्वाधार योजना लागू झाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत नागपुरात राहणाऱ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मंजूर होतात, पण त्याचाही हप्ता येईपर्यंत घरभाडे उसनवारीवरच निघाले. अशा स्थितीत महिन्याच्या महिन्याला मिळू शकणारा पैसा 'कमवा आणि शिका'चा हा एकच असतो, आणि तोही अडकतो.

समन्वयकांना आम्ही सहा जणांनी लेखी अर्ज दिल्यानंतर जानेवारीपासून हजेरीपत्रक दर महिन्याच्या २५ तारखेलाच पुढे जाऊ लागले, आणि तेव्हापासूनचा विलंब तीन आठवड्यांवर आला आहे. पुढच्या सत्रासाठी मी पुन्हा ग्रंथालयाचाच अर्ज भरला आहे. मात्र या वेळी एका महिन्याचे मेसचे पैसे आधीच काकूंकडे जमा करून ठेवले आहेत.