अमिगा १२०० मधलं '३२ जीबी' कार्ड: बसवण्याआधी तपासा

अमिगा १२०० या कमोडोर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली अडीच इंची हार्ड डिस्क काढून त्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश (मेमरी) कार्ड बसवणार असाल, तर कार्ड आधी आजच्या कॉम्प्युटरवर तपासा. एकदा ते अमिगात गेलं की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: "तुमचं मशीनच जुनं आहे." त्यात अर्धं सत्य असतं, म्हणून ते खोडून काढणं अवघड जातं.

आमच्या हाती आलेल्या बनावट कार्डावर '३२ जीबी, इंडस्ट्रियल' असं सुबक छापलेलं होतं. अमिगावर डिस्कचे भाग पाडणाऱ्या एचडी टूलबॉक्सनेही तेवढंच दाखवलं. पण तो पुरावा नव्हे, कारण कार्डातला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) जो आकडा सांगतो तोच तिथे दिसतो. त्या चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्रॅममध्ये, आकडा वाढवलेला, आत मेमरी मात्र ४ जीबीची. क्विक फॉरमॅट बिनबोभाट होतो, वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) बूट होतं, गेमही चालतात. खरी जागा संपली की लिहिलेलं गुंडाळून पुन्हा कार्डाच्या सुरुवातीला जातं. तिथेच, पहिल्या १६ ब्लॉकांत, रिजिड डिस्क ब्लॉक असतो; पार्टिशनांची (डिस्कच्या भागांची) माहिती तिथूनच मिळते. तो पुसला गेला की पुढच्या वेळी मशीन फ्लॉपी मागत बसतं. काही बनावट कार्डं तर जास्तीचा डेटा नुसता गिळतात: कॉपी पूर्ण झाली असं दिसतं, आणि फाइल उघडताना चेकसम एरर (डेटा बिघडल्याची सूचना) येते.

आता विक्रेत्याचं अर्धं सत्य. किकस्टार्ट, म्हणजे अमिगाच्या रॉममधली मूळ प्रणाली; तिच्या ३.० आणि ३.१ आवृत्त्यांमधला मूळ स्कझी ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम) ४ जीबीच्या पुढचा पत्ता ओळखत नाही, तोही असाच गुंडाळतो. म्हणजे अस्सल कार्डावरही ४ जीबीपलीकडे पार्टिशन केलं तर हुबेहूब हीच लक्षणं. (२०१८ मध्ये आलेल्या ३.१.४ आवृत्तीत ही मर्यादा नाही.) शिवाय पार्टिशनची मॅक्सट्रान्सफर ही सेटिंग (एका वेळी किती डेटा पाठवायचा ते) हेक्समध्ये १एफई०० असं दिलं नाही, तर काही चांगल्या कार्डांवरही मोठ्या फाइली बिघडतात. म्हणून अमिगावरचा बिघाड दाखवून कार्ड खोटं असल्याचं सिद्ध होत नाही.

तपासणी अशी करा. कार्ड यूएसबी रीडरमध्ये घाला. विंडोजवर ते रिकामं फॉरमॅट करून एच२टेस्टडब्ल्यू (कार्ड भरून परत वाचून तपासणारा प्रोग्रॅम) चालवा आणि सगळी जागा भरू द्या. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर ३२ जीबी लिहायलाच पाऊण-एक तास जातो, मग वाचन वेगळं. मध्येच थांबवू नका, कारण खोटेपणा खरी जागा संपल्यावरच उघडा पडतो. लिनक्सवर असाच तपासणी प्रोग्रॅम, एफ३प्रोब, डिस्ट्रक्टिव्ह पर्यायासह चालवला तर खरी क्षमता बरीच लवकर कळते, पण कार्डावरचा डेटा जाऊ शकतो आणि ड्राइव्हचं नाव चुकलं तर भलतीच डिस्क बिघडेल. ते नाव दोनदा पाहा.

निकालाचा स्क्रीनशॉट आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा, परताव्याची मुदत संपायच्या आत मागणी करा. भारतात खरेदी केली असेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मूळ किकस्टार्ट वापरणाऱ्यांना ३२ जीबी लागतच नाही. नावाजलेल्या कंपनीचं ४ जीबीचं कार्ड, अधिकृत दुकानातून आणि बिलासकट घेतलेलं, पुरतं.