साठीनंतर कामांची यादी रिकामी: नाशिकमधील एका मिस्टरी शॉपिंग सेवेचे परीक्षण

साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात जायचे, ठरवून दिलेले प्रश्न विचारायचे, सेवा कशी मिळाली ते बारकाईने लक्षात ठेवायचे आणि घरी येऊन त्याचा अहवाल भरायचा, असे मिस्टरी शॉपरच्या कामाचे स्वरूप असते. साखळी दुकाने, बँका, पेट्रोल कंपन्या, वाहन विक्रेते अशा अनेकांसाठी हे गुप्त परीक्षण करून देणाऱ्या संस्था आता नाशिकमध्येही ऑनलाइन नोंदणी करून माणसे नेमतात. त्यांपैकी एका संस्थेसाठी मी काही वर्षे काम केले असून त्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. संस्थेचे नाव देणे मी टाळले आहे, कारण जी अडचण मला मांडायची आहे ती माझ्या ओळखीच्या इतर ज्येष्ठांना दुसऱ्या संस्थांकडेही आलेली आहे, आणि एकीचे नाव घेऊन बाकीच्यांना मोकळे सोडण्यात अर्थ नाही.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा साठीला थोडा अवकाश होता. इंदिरानगरला घर, मुले बाहेरगावी आणि हाताशी भरपूर वेळ, अशा स्थितीत हे काम मला मनापासून आवडले. सेवेच्या जमेच्या बाजू आधी सांगते, कारण त्या खऱ्या आहेत. नोंदणीसाठी एक रुपयाही घेतला गेला नाही. हे आवर्जून नोंदवायचे कारण असे की मिस्टरी शॉपिंगच्या नावाखाली आधी नोंदणी शुल्क मागणारे, किंवा चेक पाठवून त्यातील काही रक्कम तिसऱ्याच खात्यावर भरायला लावणारे भामटे पुष्कळ आहेत. खरी संस्था काम देण्यासाठी आपल्याकडून पैसे मागत नाही. पॅन आणि बँक खात्याची माहिती घेतल्यावर त्यांनी एक नमुना अहवाल लिहून घेतला, त्यातील उणिवा समजावून सांगितल्या आणि मगच पहिले काम दिले. प्रत्येक भेटीचे चारशे-पाचशे रुपये आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत खरेदीचा परतावा मिळे. पैसे यायला महिना-दीड महिना लागे, पण ते बुडाले नाहीत. कामाच्या सूचना स्पष्ट आणि सविस्तर असत, काही वेळा तर माझ्या जुन्या कार्यालयातील परिपत्रकांपेक्षाही नेमक्या.

कामाचा कस कशात लागतो हे कळावे म्हणून एक भेट थोडी तपशिलाने सांगते. कॅनडा कॉर्नर परिसरातील एका सराफी दालनात बावीस कॅरेटची अंगठी पाहायची होती. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटसाठी ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा अक्षरी क्रमांक नसलेले हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. विक्रेत्याने अंगठी दिव्याखाली धरली, आतली बाजू माझ्याकडे वळवली आणि "हे बघा मॅडम, तिन्ही आहेत" असे म्हणून ती पुन्हा मखमलीवर ठेवली. मला तिथे एक काळसर रेघ सोडून काहीही दिसले नव्हते. भिंग त्याच्या हाताशीच, काउंटरच्या कडेला पडले होते. मी मागितल्यावर त्याने ते लगेच दिले आणि मग मी तो क्रमांक मोबाइलवरील, मानक ब्यूरोच्याच बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहिला. प्रश्नावलीत "हॉलमार्क दाखवला का?" एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर "होय" असेच होते. पण मी शेरा लिहिला की दाखवला, मात्र ग्राहकाला वाचता येईल अशा रीतीने दाखवला नाही, आणि भिंग मागावे लागले. पुढे त्याच ग्राहक कंपनीच्या प्रश्नावलीत "भिंग स्वतःहून देऊ केले का?" हा प्रश्न आला. तो माझ्या शेऱ्यामुळेच आला असा दावा मी करणार नाही, परंतु ज्याला भिंग लागते त्यालाच ते न मिळाल्याचे लक्षात येते, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

साठी ओलांडली आणि कामांची यादी ओस पडली. नाशिकमधील कामे ॲपवर दिसतात, दालनाचा प्रकार दिसतो, मोबदला दिसतो, परंतु अर्जाचे बटण दाबले की "आपली प्रोफाइल क्लायंटच्या निकषांत बसत नाही" असा संदेश येतो. तपशील उघडून पाहिला तर वयोगट २५ ते ४५, ३० ते ५०, क्वचित ५५ पर्यंत. माझ्या अहवालांना मिळालेले गुण तसेच होते, अहवाल कधी उशिरा दिला नव्हता, एकही अहवाल नाकारला गेला नव्हता. बदलला होता तो फक्त जन्मतारखेवरून ॲपने काढलेला आकडा. निवृत्तीनंतर हे काम करणारे माझ्या परिचयातील अनेक जण, कोणी ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी नाशिकरोडच्या प्रेसमधून, हीच तक्रार करतात.

वयाची अट मुळातच चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. काही कामांना ती लागतेच. तंबाखूजन्य पदार्थ अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास बंदी आहे आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. दुकानदार वयाचा पुरावा मागतो की नाही हे तपासायचे तर तिथे माझ्यासारखीला पाठवून काहीही निष्पन्न होणार नाही, त्या वयाच्या उंबरठ्यावर दिसणारा तरुणच हवा. कॉलेज रोडवरील तरुणांच्या कपड्यांच्या दालनातही माझी उपस्थिती खटकेल, हे मला मान्य आहे.

परंतु जिथे गिऱ्हाइकांत ज्येष्ठांची संख्याच मोठी असते, तिथेही हीच अट का असावी? आरोग्य विमा विक्रीच्या परीक्षणाचे काम माझ्या यादीत दिसत होते आणि त्याला कमाल वय ४५ होते. विमा नियामकाने २०२४ साली आरोग्य विमा विकत घेण्यावरील ६५ वर्षांची मर्यादा काढून टाकली, म्हणजे सत्तरीतला माणूसही आज नवी पॉलिसी मागू शकतो. या बदलानंतर विक्रेत्याच्या टेबलाशी काय घडते, तो आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी नीट सांगतो की "या वयात आता कशाला" म्हणून वाटेला लावतो, हे शोधायला चाळिशीतला माणूस कसा उपयोगी पडेल?

बँकांबाबत तर मला अधिकच खंत वाटते, कारण ते माझे क्षेत्र आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढील ग्राहकांना आणि दिव्यांगांना रोख रक्कम, चेकबुक, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याबाबत, तसेच शाखेत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र अथवा प्राधान्याचा काउंटर ठेवण्याबाबत बँकांना सूचना दिल्या. एखाद्या शाखेत हे खरोखर मिळते का, हे तपासायचे तर तिथे जाऊन सेवा मागणारी व्यक्ती सत्तरीपुढचीच हवी. सध्या काय होते? तिशीतला शॉपर जातो आणि "वडिलांसाठी विचारायला आलोय" असे सांगतो. अधिकारी त्याला दोन मिनिटांत मोबाइल बँकिंगचा मार्ग दाखवतो, तोही समाधानाने परततो आणि अहवालात पूर्ण गुण पडतात. ज्या माणसासाठी ती सेवा आहे तो मुळात शाखेत गेलाच नाही. टोकन हातात घेऊन उभे राहताना खुर्ची मिळाली का, व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून द्यायचा फॉर्म भरताना कोणी मदत केली का, एकदा सांगितलेले ऐकू न आल्यास दुसऱ्यांदा तेच शांतपणे सांगितले का, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद झाली नाही.

औषध दुकानांचेही तसेच आहे. महिन्याच्या गोळ्या सुट्या घेणाऱ्या ज्येष्ठांना पट्टी कापून मिळते, आणि कापताना छापील मुदत ज्या टोकाला असते तो भाग पुष्कळदा दुकानातच राहतो. नेहमीची औषधे घेणाऱ्याच्या हे चटकन लक्षात येते. वर्षातून एखादी तापाची गोळी घेणारा पट्टी उलटूनही पाहत नाही.

संस्थेच्या समन्वयक मुलीशी मी याबाबत फोनवर बोलले. तिने सौजन्याने ऐकून घेतले आणि "मॅडम, अट क्लायंटची आहे, आमच्या हातात काही नाही, सिस्टीमच अर्ज घेत नाही" असे सांगितले. मी क्लायंटला विचारून पाहण्याची विनंती केली, तेव्हा थोडे थांबून ती म्हणाली, "तुम्ही प्रोफाइलमध्ये वय कमी टाका ना मॅडम, फोटोत तुम्ही पन्नाशीच्याच दिसता." तिच्या मनात वाईट काही नव्हते, मला काम मिळावे अशीच तिची इच्छा होती. पण मी ते केले नाही. ज्या कामाचे सारे मोल खऱ्या नोंदीवर आहे, त्याची सुरुवात खोट्या जन्मतारखेने व्हावी हे मला पटणे शक्य नव्हते. शिवाय पैसे देताना पॅनवरील जन्मतारीख त्यांच्यासमोर असतेच, तेव्हा पुढे तफावत निघाली तर बोल शॉपरलाच लागणार. संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना असा सल्ला देण्यास स्पष्ट मनाई करायला हवी. या सेवेतील सर्वात गंभीर दोष मला हाच वाटतो.

ज्येष्ठांना नाकारण्याची जी कारणे अशा वेळी ऐकायला मिळतात, त्यांत एक तांत्रिक असते. बिलाचे फोटो काढणे, जागेची नोंद चालू ठेवणे, दालनात गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ टिपणे हे ज्येष्ठांना जमत नाही, असे गृहीत धरले जाते. बँकांच्या लेजरमधून संगणकावर आणि तिथून कोअर बँकिंगवर जाताना ज्यांनी रात्री जागून खाती जुळवली, ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. कोणाला ॲप जमते हे नमुना अहवालावरून कळतेच, त्यासाठी वयाची चाळणी लागत नाही. दुसरे कारण, ओळखले जाण्याची भीती, मला तर उलटेच वाटते. सावकाश पाहणारी, किंमत पुन्हा विचारणारी, माहितीपत्रक मागून घेणारी साठीची बाई दुकानात कोणालाच वावगी वाटत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल खोदून खोदून विचारणारा पंचविशीतला तरुण मात्र नक्की लक्षात राहतो.

कायद्याचा आधार इथे फारसा मिळत नाही. राज्यघटनेच्या १५ व्या आणि १६ व्या अनुच्छेदांत भेदभावाची जी कारणे नमूद आहेत त्यांत वय नाही, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा चरितार्थ व कल्याणापुरता आहे, आणि मिस्टरी शॉपर तर नोकरही नसतो, कामागणिक मोबदला घेणारा असतो. अमेरिकेत चाळिशी गाठलेल्या नोकरदारांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून १९६७ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे, पण तिथेही शॉपर सहसा स्वतंत्र कंत्राटदार धरले जात असल्याने ते संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हा प्रश्न सुटायचा तर संस्थेने आपल्या ग्राहक कंपन्यांशी बोलूनच सुटेल, आणि "आमच्या हातात काही नाही" हे उत्तर मला त्यामुळेच मान्य नाही. परीक्षणाची रचना कशी असावी याचा सल्ला देण्याचेच तर पैसे संस्था घेते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील लोक ९.९ टक्के होते. दहांतले एक गिऱ्हाईक या वयाचे असेल, तर दहांतली एक भेट त्या वयाच्या शॉपरकडून व्हावी, एवढे तरी क्लायंटसमोर मांडायला काय हरकत आहे?

सेवेचे मूल्यमापन करायचे तर पन्नाशीच्या आतील कोणालाही मी ही संस्था निःसंकोच सुचवीन: व्यवहार चोख आहे, शिकवण्याची पद्धत चांगली आहे आणि पैसे मिळतात. साठीच्या पुढील वाचकांनी मात्र पॅन आणि बँकेचा तपशील देण्याआधी, नाशिक शहरात त्यांच्या वयाला खुली असलेली कामे गेल्या काही महिन्यांत कोणती होती, हे ईमेलवर लेखी विचारून घ्यावे. उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तर नोंदणी करून आपली कागदपत्रे त्यांच्याकडे ठेवू नयेत. मी स्वतः माझे खाते बंद केलेले नाही. औषध दुकाने, बँका आणि आरोग्य विमा या तीन प्रकारच्या कामांपुरती कमाल वयाची अट काढण्याचा प्रस्ताव क्लायंटकडे पाठवावा, असे सविस्तर पत्र मी संस्थेला लिहिले आहे. ते मिळाल्याची पोच आली आहे, निर्णय अद्याप कळलेला नाही. तो कळताच या परीक्षणात तशी भर घालीन.