पॉवर मीटर आणि लाल लाइट एकत्र: खिशातला टू-इन-वन कितपत कामाचा?

फायबरची घरगुती कनेक्शन जोडणाऱ्यांच्या बॅगेत हा मीटर हमखास असतो. एकीकडे पॉवर मोजायचे तोंड, दुसरीकडे लाल लेझर. ब्रँड ढीगभर आहेत, मर्यादा मात्र सगळ्यांच्या त्याच.

घेताना रेंज बघा. -७० ते +१० डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) आणि -५० ते +२६ डीबीएम असे दोन प्रकार मिळतात. नुसत्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या) इंटरनेटला कुठलाही चालेल. केबल टीव्हीच्या अॅम्प्लिफायरचे आउटपुट तपासायचे असेल तर दुसराच घ्या.

ओएनटीतून (घरातल्या फायबर मोडेममधून) पॅच कॉर्ड म्हणजे जोडणीची छोटी वायर काढा, फेरूल (कनेक्टरचे टोक) पुसा, मीटर १४९० नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या इंटरनेटच्या प्रकाशाची तरंगलांबी) लावा. चुकून ८५० वर राहिला तर आकडा कित्येक डीबीने चुकतो. आता हिशेब: ओएलटीतून (कंपनीकडच्या यंत्रातून) +३ डीबीएम निघाले, वाटेत १:८ चे (प्रकाश आठ वाटांत विभागणारे) दोन स्प्लिटर, प्रत्येकी साधारण १०.५ डीबी लॉस. दोन किलोमीटर फायबर आणि जोड मिळून आणखी दोनेक. म्हणजे घरात -२० च्या आसपास यायला हवेत. बी प्लस वर्गाचा ओएनटी -२७ पर्यंत चालतो, म्हणून -२५ वरही नेट सुरू राहते आणि माणूस निघून जातो. पण मधले ५ डीबी गेले कुठे? ३ डीबी गेले की प्रकाश निम्मा होतो, तेव्हा हे थोडके नाही. बहुतेकदा कनेक्टर मळलेला असतो, घरात येणारी ड्रॉप वायर क्लिपखाली चेपलेली असते, नाहीतर हिरव्या एपीसी कनेक्टरला निळा यूपीसी कनेक्टर जोडलेला असतो. एपीसीचे टोक ८ अंशांत तिरके, यूपीसीचे सरळ. मध्ये फट राहणारच.

इथवर मीटर चोख. फसवतो तो त्याच फायबरवर १५५० चा टीव्ही सिग्नल असला की. सेन्सर सगळा प्रकाश एकत्र मोजतो, १४९० चे बटण फक्त कॅलिब्रेशन बदलते. मग स्क्रीनवर -५ झळकतात आणि ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल! अशा लाइनला फिल्टर असलेला पॉन मीटरच हवा. ओएनटीचा १३१० चा अपलिंकही (घरातून कंपनीकडे जाणारा प्रकाश) यावर दिसत नाही, कारण ओएलटीने वेळ दिल्याशिवाय ओएनटी प्रकाश सोडतच नाही.

लाल लाइट ६५० नॅनोमीटरची. डब्यावरच्या किलोमीटरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. पिवळी पॅच कॉर्ड, स्प्लाइस ट्रे (फायबरचे जोड ठेवायचा ट्रे), फास्ट कनेक्टर यांतला तुटका भाग ती झटकन दाखवते. काळ्या ड्रॉप वायरच्या आतली तूट बाहेरून दिसत नाही, तिथे ओटीडीआरला (तूट किती अंतरावर आहे ते सांगणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. लावण्याआधी दुसरे टोक ओएनटीतून काढा, आणि त्या टोकात डोळा घालून बघू नका.

पाचपैकी साडेतीन. एलसी या छोट्या कनेक्टरसाठी १.२५ मिलिमीटरचा अडॅप्टर बहुधा वेगळा घ्यावा लागतो. लेझरच्या तोंडाची टोपी हरवली की आत धूळ बसते. बारीक क्लीनिंग स्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, कापसाचा धागा आत राहू देऊ नका.