बाबांची ट्रंक आणि कोमगा

बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे ११८ मराठी अंक आहेत. वेताळ, मँड्रेक, बहादूर. पानं पिवळी पडलीत, पिना गंजल्यात, अंक उघडला की कडेचा तुकडा हातात येतो. म्हणून गेली कित्येक वर्षं ट्रंक नुसती उघडायची आणि परत लावायची, एवढंच चालायचं. दिवाळीनंतर मी जमेल त्या रात्री एक-दोन अंक स्कॅन करायला घेतले आणि ते वाचण्यासाठी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोमगा बसवलं. एका कॉम्प्युटरवर ठेवलेली कॉमिक्स घरातल्या टॅबवर, लॅपटॉपवर ब्राउझरमधून वाचू देणारं हे सॉफ्टवेअर. चार महिने वापरून लिहितोय.

कोमगा मोफत आहे, ओपन सोर्स आहे. ते चालायला लागणारी जावा टाकली, कोमगाची एक फाइल चालवली, ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता आणि पुढे २५६०० हा कोमगाचा पोर्ट क्रमांक लिहिला, खातं उघडलं, फोल्डर दाखवला. अर्ध्या तासाचं काम. स्कॅन केलेला अंक मी कोमगाला सीबीझेड फाइल करून देतो. सीबीझेड म्हणजे वेगळं काही नाही, पानांच्या फोटोंची झिप फाइल करायची आणि नावाच्या शेवटी झिपच्या जागी सीबीझेड लिहायचं. पीडीएफही चालते.

खरा वेळ जातो तो फोल्डर लावण्यात. कोमगा एका फोल्डरला एक मालिका धरतं. मी सुरुवातीला सगळे अंक एकाच ठिकाणी ओतले होते, त्यामुळे वेताळाच्या मधेच बहादूर यायचा. मग एक रविवार घालवून नायकाप्रमाणे फोल्डर केले, फाइलच्या नावात अंकाचा क्रमांक आधी टाकला. मुखपृष्ठाच्या स्कॅनला ००१ नाव द्या, कारण पहिलं पान तेच बाहेर चित्र म्हणून दिसतं. हे आधीच केलंत तर तुमचा रविवार वाचेल.

मला सगळ्यात आवडलं ते प्रत्येकाचं वेगळं खातं. बाबा टॅबवर वाचतात, लेक माझ्या लॅपटॉपवर, आणि कोण कुठल्या पानावर थांबलं ते दोघांचं वेगळं लक्षात राहतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फुग्यातली बारीक अक्षरं कागदावर त्यांना आता वाचता येत नाहीत. परवा ते पान मोठं करून वाचत होते आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का दिसला: भाडे दिवसाला १० पैसे. "अरे, हा अंक मी परतच केला नाही की रे!" म्हणाले, आणि गल्लीतल्या त्या वाचनालयाबद्दल तासभर बोलत राहिले.

अडचणी आहेत. कॉम्प्युटर बंद असेल तर वाचन बंद. वीज गेल्यावर राउटर कॉम्प्युटरला नवा पत्ता द्यायचा आणि बाबांच्या टॅबवर काहीच उघडायचं नाही. राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून घेतल्यावर ते थांबलं. आणखी एक: कोमगात बसून तुम्ही अंकाचं नाव, वर्ष, सारांश भरता ते मूळ फाइलमध्ये जात नाही, त्याच्या डेटाबेसमध्ये राहतं. म्हणून बॅकअप घेताना कॉमिक्सच्या फोल्डरबरोबर कोमगाचा स्वतःचा फोल्डरही घ्या.

घराबाहेरून उघडायची सोय मी मुद्दाम केलेली नाही. आमचेच अंक, आमच्याच घरात वाचायला.

अजून ४१ अंक स्कॅन व्हायचेत. बाबा रोज जेवताना विचारतात, आज कुठला?