चार जुने लॅपटॉप, सहा महिने आणि ती मागची बॅटरी

काल रात्री परत करंट गेला, तीन तास, आणि वॉर्डात एकाही पेशंटचं चार्टिंग अडकलं नाही, म्हणून आता लिहूनच टाकते. आमचं खानापुरात २२ बेडचं हॉस्पिटल, मी वॉर्ड इनचार्ज. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, इनटेक-आउटपुट, औषधं सगळं बेडजवळच लॅपटॉपवर भरायचं असं गेल्या वर्षी ठरलं.

आधी दोन नवे लॅपटॉप घेतले होते, सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेलं स्टोरेज. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबीच लागतात, मग अपडेट आलं की जागा संपलीच. ते एक वेळ चालवून घेतलं असतं, पण चार्जिंगची पिन! दिवसातनं दहा वेळा लावायची काढायची, पाचव्या महिन्यात ढिली. सर्व्हिसवाला म्हणतो तुम्ही वायर ओढलाय, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. बेळगावला दोन फेऱ्या, सुट्टी माझी, बसभाडं माझं, आणि वर बोर्ड बदलायचे साडेनऊ हजार सांगितले, १९ हजाराच्या मशीनला! फार भांडले त्या दिवशी, काही उपयोग झाला नाही.

आता मुद्दा असा की वॉर्डात प्लग रिकामा नसतोच. एका प्लगला इन्फ्युजन पंप, दुसऱ्याला नेब्युलायझर, नाहीतर नातेवाईकांचा मोबाईल, आणि लांबनं वायर ओढली तर ड्रिप स्टँडच्या चाकात अडकते. म्हणून प्रोसेसर, स्क्रीन हे सगळं नंतर बघा, आधी बॅटरी बघा.

शिमग्याच्या आधी सरांनी रिफर्बिश्ड थिंकपॅड एक्स २६० घ्यायचं काढलं तेव्हा मीच नको म्हटलं होतं, जुनं ते जुनंच म्हणून. १५,५०० ला एक, असे चार घेतले, ८ जीबी रॅम, एसएसडी. याला आत एक छोटी बॅटरी आहे आणि मागची काढता येते, मशीन चालू असतानाच. मागची संपली की काढायची, भरलेली लावायची, तेवढ्यात आतली सांभाळते, उघडलेला चार्ट तसाच राहतो. पहिल्या दिवशी आमच्या धाकट्या सिस्टरनं हे केलं आणि ओरडलीच, "अक्का, बंदच पडला नाही!" तीन मशीन राउंडला फिरतात, चौथं स्टेशनवर बसून बॅटऱ्या चार्ज करतं, तेच त्याचं काम.

प्रोसेसर सहाव्या जनरेशनचा, त्यामुळं विंडोज ११ अधिकृत चालत नाही, ते आठव्यापासनं पुढं. विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. आमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकली, पोरी दोन दिवसात शिकल्या. तुमचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर मात्र हे घेऊ नका.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच दिले असते, पण जादाच्या दोन बॅटऱ्या स्वस्तातल्या लोकल घेतल्या ही चूक झाली. चार महिन्यात तासाभरावर आल्या, एक तर फुगायला लागली, ती लगेच बाजूला काढली. ऐन पावसात, जेव्हा खानापुरात करंटचा भरवसा नसतो, तेव्हा हे झालं. म्हणजे १५,५०० ही खरी किंमत नव्हे, चांगल्या बॅटरीचे पैसे त्यात धरूनच हिशोब करा.

पुसायचं म्हणजे मशीन बंद करून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या कापडानं. बाटलीनं थेट मारू नका आणि हायपो (ब्लीचचं पाणी) तर अजिबात नको. दीड किलोच्या आसपास वजन आहे, हातावर धरून राउंड होत नाही, ट्रॉली पाहिजेच.

गणपतीनंतर सर आणखी दोन घ्यायचं म्हणतायत. बॅटरी ओरिजिनल मिळणार असेल तरच मी हो म्हणणार. बेळगावात खडेबाजार, टिळकवाडीकडं कुणाला या बॅटरीचा खात्रीचा दुकानदार माहीत असला तर जरूर सांगा.