चार पट एका पडद्यावर: महिला बुद्धिबळ ऑलिम्पियाड पाहण्यासाठी लिचेसची प्रक्षेपण सेवा

महिला बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक संघातील चौघी एकाच वेळी चार पटांवर खेळतात, पाचवी खेळाडू राखीव असते आणि लढतीचा निकाल चारही डावांच्या बेरजेतून लागतो. लढत जिंकली तर संघाला दोन गुण आणि बरोबरीत सुटली तर एक गुण मिळतो. विजय साडेतीन-अर्धा असो की अडीच-दीड, खात्यात दोनच गुण जमा होतात. 2008 च्या ड्रेस्डेन ऑलिम्पियाडपासून क्रमवारी ठरवताना डावांच्या बेरजेऐवजी लढतींच्या या गुणांना प्राधान्य मिळाले आणि त्याच वर्षी महिला संघांचे पट तीनवरून चार झाले. तेव्हापासून या स्पर्धेतील एखादा डाव सुटा पाहिला, तर त्यातील निम्म्या गोष्टी कळतच नाहीत. तिसऱ्या पटावरील खेळाडूने वरचढ स्थितीतही बरोबरी का घेतली, किंवा चौथ्या पटावरील खेळाडूने धोका का पत्करला, याचे उत्तर शेजारच्या पटांवर असते. म्हणून अशी स्पर्धा घरबसल्या दाखवणाऱ्या सेवेकडून माझी पहिली अपेक्षा ही की तिने मला डाव नव्हे, लढत दाखवावी.

लिचेस हे संकेतस्थळ बहुतेकांना ऑनलाइन खेळण्यासाठी परिचित आहे. फ्रान्समधील थिबो द्युप्लेसी यांनी 2010 मध्ये सुरू केलेले हे व्यासपीठ ना-नफा तत्त्वावर आणि देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत, पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला वेगळा विभागही नाही. याच संकेतस्थळावर मोठ्या स्पर्धांचे डाव चालीगणिक दाखवणारा ‘ब्रॉडकास्ट’ विभाग आहे आणि हे परीक्षण केवळ त्या विभागाचे आहे. मी तो मुख्यतः सप्टेंबर 2024 मधील बुडापेस्ट ऑलिम्पियाडच्या महिला गटासाठी वापरला. तेथील दुपारी तीनची फेरी भारतात संध्याकाळी साडेसहाला सुरू होत असे, ही नोकरदार प्रेक्षकाची मोठीच सोय होती. स्पर्धा संपल्यानंतरही सर्व डाव, प्रत्येक चालीनंतर घड्याळात उरलेल्या वेळेसह, तेथे जसेच्या तसे उपलब्ध असल्याने महत्त्वाच्या लढती मी नंतर पुन्हा सावकाश पाहिल्या.

या सेवेचे खरे बळ संघांच्या पानावर दिसते. दोन संघांची नावे, मध्ये लढतीची चालू गुणसंख्या आणि खाली चार जोड्या, अशी साधी रचना तेथे आहे. आधी नाव असलेल्या संघाकडे पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी असतात. एवढे ठाऊक असले की कोणत्या पटावर कोण दबाव आणण्याचा प्रयत्न करील, याचा अंदाज लढत सुरू होण्यापूर्वीच बांधता येतो. पटांच्या पानावर अनेक पट छोट्या आकारात शेजारी शेजारी दिसतात आणि संपलेले डाव बाजूला सारून केवळ चालू डाव दाखवण्याची सोय आहे. महिला गटात सुमारे 180 संघ, म्हणजे एका फेरीत साडेतीनशेहून अधिक डाव; इतक्या गर्दीत आपल्याला हवी ती लढत शोधण्यासाठी देशाचे नाव टाकणे पुरते.

या रचनेचा कस लागला तो अखेरच्या चार फेऱ्यांत. पहिल्या सातही लढती जिंकलेला भारतीय महिला संघ आठव्या फेरीत पोलंडकडून दीड-अडीच असा हरला. कोनेरू हम्पी या स्पर्धेत खेळत नव्हती. हरिका द्रोणावल्ली, आर. वैशाली, नागपूरची दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव असा तो संघ होता. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध वैशालीचा डाव गेला, दोन डाव बरोबरीत सुटले आणि लढत वाचवण्याचा सारा भार वंतिकाच्या पटावर आला. समोर इरिना क्रश होती आणि वंतिकाच्या घड्याळात फार थोडा वेळ उरला होता. डावांची सुटी यादी चाळणाऱ्याला यात ‘एक विजय’ एवढेच दिसले असते. संघांच्या पानावर मात्र एका बाजूला लढतीची गुणसंख्या, दुसऱ्या बाजूला सेकंदासेकंदाने उतरणारे घड्याळ आणि त्यांच्यामध्ये हा एकच जिवंत पट होता. वंतिकाने तो डाव जिंकला आणि लढत दोन-दोन अशी सुटली. तिथे एक गुण वाचला नसता, तर सुवर्णपदकाची पुढची आकडेमोड वेगळीच झाली असती.

दहाव्या फेरीतील चीनविरुद्धची लढत याच्या नेमकी उलट स्वभावाची होती. तीन पटांवर बरोबरी झाली आणि दिव्याने नी शिचुनला हरवल्याने भारताने अडीच-दीडने बाजी मारली. अशा लढतीत बरोबरी सोडवणाऱ्या तिघींचे काम किती मोलाचे असते, हे चारही पट एकत्र पाहताना समजते. अकराव्या फेरीआधी भारत आणि कझाकस्तान यांचे प्रत्येकी 17 गुण होते, त्यामुळे प्रेक्षकाला भारत-अझरबैजान आणि कझाकस्तान-अमेरिका अशा दोन लढती, म्हणजे आठ पट, एकाच वेळी पाहायचे होते. दोन लढती दोन खिडक्यांत उघडून ते जमले. एकाच पानावर आपल्या पसंतीच्या दोन लढती बाजूला काढून ठेवण्याची सोय असती तर अधिक बरे झाले असते. भारताने साडेतीन-अर्ध्याने विजय मिळवला, कझाकस्तानला अमेरिकेने बरोबरीत रोखले आणि 22 सप्टेंबरला महिला गटातील विजेत्या संघाला मिळणारा व्हेरा मेनचिक चषक प्रथमच भारतीय संघाच्या हाती आला. दोन वर्षांपूर्वी मामल्लपुरमच्या ऑलिम्पियाडमध्ये शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून हरल्याने सुवर्ण हुकून कांस्यावर समाधान मानावे लागले होते. ती आठवण असणाऱ्यांनी ही आठ पटांची फेरी कशी काढली असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता तक्रारीचा भाग. पटाशेजारी स्थितीचे मूल्यमापन दाखवणारी उभी पट्टी असते आणि छोट्या पटांनाही ती जोडलेली असते. स्टॉकफिश या संगणकीय इंजिनाचा निर्णय त्या पट्टीतून क्षणोक्षणी दिसत राहतो. नवख्या प्रेक्षकाला तिचा आधार वाटतो हे खरे. पण पट्टी पाहून खेळाडूला नावे ठेवण्याची सवय फार लवकर लागते. ज्या स्थितीत इंजिनाला पांढऱ्याचा विजय दिसतो, तो विजय वीस चाली अचूक खेळल्यावरच हाती येणार असेल आणि घड्याळात दोन मिनिटे उरली असतील, तर त्या आकड्याला माणसाच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. सांघिक लढतीत तर आणखी एक गोष्ट पट्टीत उतरत नाही: संघाला अर्धा गुण पुरेसा असेल, तर जिंकण्याची जोखीम न घेणे हीच योग्य चाल असते. सुदैवाने ही पट्टी एका टिचकीसरशी बंद करता येते. पहिल्या तासात तरी ती बंद ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. डाव संपल्यावर चुका शोधायला इंजिन कुठे पळून जात नाही.

कधी कधी डाव संपताच पडद्यावर काही चमत्कारिक दिसते: राजा एकाएकी पटाच्या मध्यभागी येऊन उभा राहतो. सेवेतला हा बिघाड नव्हे. इलेक्ट्रॉनिक पटांवर निकाल नोंदवण्यासाठी दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवण्याची पद्धत आहे; पांढऱ्याने जिंकल्यास दोन्ही राजे पांढऱ्या घरांत आणि काळ्याने जिंकल्यास काळ्या घरांत. क्वचित ही हालचालच चाल म्हणून नोंदली जाते आणि चर्चाकक्षात गोंधळ उडतो. तेथे एक छोटी टीप दिली तरी बऱ्याच नव्या प्रेक्षकांची शंका फिटेल. पटावरची चाल आणि पडद्यावरची चाल यांत काही मिनिटांचे अंतर असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. गैरप्रकार टाळण्यासाठी आयोजक मुद्दाम विलंब ठेवतात, तो लिचेसच्या हातात नसतो.

या सेवेतून माणसे दिसत नाहीत, ही मात्र खरी उणीव आहे. संघनायकाची भूमिका तर पूर्णपणे अदृश्य राहते. नियमांनुसार संघनायक खेळाडूला स्थितीबद्दल काही बोलू शकत नाही, पण बरोबरीचा प्रस्ताव द्यावा की स्वीकारावा, याबाबत सल्ला देऊ शकतो. बुडापेस्टमध्ये भारतीय महिला संघाचा संघनायक पुण्याचा ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होता. त्याने कोणत्या फेरीत कोणाला विश्रांती दिली, हे संघांच्या पानावरून कळते, पण त्यामागचा विचार कळत नाही. त्यासाठी समालोचनाकडे वळावे लागते. जागतिक महासंघ फिडेचे चित्रप्रक्षेपण सभागृहाचे वातावरण आणि मुलाखती देते. परंतु खुला आणि महिला असे दोन्ही गट एकाच समालोचनात बसवताना महिला गटाच्या वाट्याला वेळ कमी येतो, असे माझे मत आहे. भारतीय संघांपुरते बोलायचे तर सागर शाह आणि अमृता मोकल यांनी उभ्या केलेल्या चेसबेस इंडियाचे वार्तांकन अधिक जवळचे वाटते. मराठीतून सलग, जाणकार समालोचन मिळावे ही इच्छा मात्र अजून अपुरीच आहे.

अधिकृत क्रमवारी, टायब्रेक (समान गुण झालेल्या संघांचा क्रम लावणारे निकष) आणि पुढच्या फेरीच्या जोड्या यांसाठी चेस-रिझल्ट्स या ऑस्ट्रियन संकेतस्थळाला पर्याय नाही. त्याचे रूप जुनाट आहे, रकाने डोळ्यांना त्रास देतात, पण माहिती पक्की असते. दिव्याचे तिसऱ्या पटावरील 11 पैकी साडेनऊ गुण आणि वंतिकाचे चौथ्या पटावरील 9 पैकी साडेसात गुण, ज्यांबद्दल दोघींना वैयक्तिक सुवर्णपदके मिळाली, असे तपशील फेरीनिहाय पडताळायचे तर तेच पान उघडावे. लिचेसवर पाहावे आणि चेस-रिझल्ट्सवर मोजावे, अशी विभागणी मला सोयीची वाटते.

महिला गटाला लिचेसवर खुल्या गटाइतकेच स्वतंत्र, तितकेच भरलेले पान मिळते, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे श्रेय वाटते. 1957 मध्ये नेदरलँड्समधील एमेन येथे पहिले महिला ऑलिम्पियाड झाले, तेव्हा संघात दोनच पट होते. जयश्री आणि रोहिणी खाडिलकर भारताकडून या स्पर्धेत खेळत, त्या काळी मराठी वाचकाला वर्तमानपत्रातील चार ओळींच्या निकालावर भागवावे लागे; त्यांचे डाव चालू असताना पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आज शेवटच्या टेबलावरील दोन नवख्या संघांचा डावही वरच्या टेबलाइतक्याच तपशिलाने उघडता येतो आणि संपूर्ण फेरी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी हा फुकटचा खजिना आहे. बलाढ्य संघ दुबळ्या संघाविरुद्ध कसा जिंकतो, हे विद्यार्थिनींना दाखवायचे असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांचे डाव काढून पाहावेत.

भ्रमणध्वनीवरील ॲपमध्येही प्रक्षेपण दिसते, पण चार पट लहान पडद्यावर मावत नाहीत; एक पट उघडला की लढत नजरेआड होते. ज्यांच्याकडे संगणक किंवा टॅब्लेट आहे, त्यांनी तोच वापरावा. संकेतस्थळाच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, त्यामुळे इंग्रजीची अडचण असलेल्या पालकांनाही मुलीच्या आवडीची लढत उघडून देता येईल. पाचपैकी साडेचार गुण मी या सेवेला देतो. उरलेला अर्धा गुण निवडक लढती एका पानावर जुळवण्याची सोय झाली की देईन.